समुद्रावरील बर्फाची मोजणी आणि त्यावर जगणारे लोक

समुद्रावरील बर्फाचा विषय आमच्या या मासिकांत पाहून कित्येक वाचकांस आश्चर्य वाटेल. ज्यांचें शेत काळ्या जमिनींत आणि ज्यांचे डोळे मृगाच्या ढगांकडे, त्यांस उत्तर ध्रुवाकडील गोठलेल्या समुद्राशीं काय करावयाचें आहे, असा प्रश्न ते विचारतील व तो रास्तच आहे. त्याचें पुरतें उत्तर आम्ही लेखाच्या शेवटीं देऊं. तूर्त इतकेंच सांगतों कीं, आमची सारी नोकरी तालुका कचेरींत आंकडे लिहिण्यांत गेली. पावसाचे आंकडे, पिकांचे आंकडे, पैसेवारीचे आंकडे. आंकडा खरा असूनही ज्याच्यासाठीं तो लिहावयाचा त्याच्या कांहींच उपयोगीं पडत नाहीं, असें होऊं शकतें. ही गोष्ट आम्हांस नोकरींत एकदां फार कडू रीतीनें कळली. उलट, आंकडा ज्याच्या कामाचा त्याच्या पायाखालींच मोजून घेतला तर काय साधतें, हें आम्हांस या बर्फाच्या हकीकतींत दिसलें. म्हणून हा लेखनप्रपंच.

बर्फ हीच वाट व बर्फ हेंच शेत

कॅनडा देशाच्या पूर्व टोंकास लाब्राडॉर नांवाचा प्रदेश आहे. त्याच्या उत्तर भागास तेथील मूळचे रहिवासी, इनुईट लोक, नुनात्सियावुत असें म्हणतात. २००५ सालापासून त्या मुलखाचा कारभार पाहणारें त्यांचें स्वतःचें सरकार तेथें आहे. या मुलखांत किनाऱ्यालगत पांच गांवें आहेत. त्यांपैकीं अगदीं उत्तरेकडील गांव नेन. वस्ती अवघी अकराबाराशें. या पांच गांवांस एकमेकांशीं जोडणारी सडक नाहीं. उन्हाळ्यांत होडीनें जावें, पैसे असल्यास लहान विमानानें जावें, आणि हिंवाळ्यांत समुद्रावरून जावें, असा तेथील प्रवास आहे.

समुद्रावरून म्हणजे अक्षरशः समुद्राच्या पाठीवरून. थंडी पडली कीं किनाऱ्याजवळचें पाणी गोठून त्याचा एकसंध थर किनाऱ्यास घट्ट धरून बसतो. मग पूर्वीं कुत्र्यांच्या घसरगाड्या, आणि आतां बर्फावर चालणाऱ्या मोटारगाड्या, ज्यांस स्नोमोबाईल म्हणतात, त्या या थरावरून धांवूं लागतात. सीलची शिकार याच वाटेनें, मासळी याच वाटेनें, चुलीसाठीं लागणारें जळाऊ लांकूड याच वाटेनें, आणि लेकीसुनांचें जाणेंयेणेंही याच वाटेनें. दुकानांतील अन्न दुरून यावयाचें व तें फार महाग. तेव्हां घरच्या ताटांतील पौष्टिक अन्न बहुतेक या बर्फावरून येतें. थोडक्यांत, आपल्याकडे सडक, पांदण, गायरान आणि शेत हीं चारही जें काम करतात, तें सारें तेथें हा एक बर्फ करतो. मात्र आपलें शेत रात्रींत वितळून जात नाहीं, आणि पाय चुकीच्या जागीं पडला म्हणून आपणांस पोटांत घेत नाहीं. तेथें दोन्ही होतें.

बर्फ कसा धरतो व कसा फसवितो

गोड्या पाण्याचा बर्फ व समुद्राचा बर्फ एक नव्हेत. गोडें पाणी शून्य अंशावर गोठतें. समुद्राच्या खाऱ्या पाण्यास सुमारें उणे १·८ अंशांपर्यंत उतरावें लागतें. गोठतांना मीठ बर्फांत नीट सामावत नाहीं. त्यांतील बरेंचसें खालच्या पाण्यांत ढकललें जातें, आणि कांहीं खारट पाण्याच्या बारीक कोठड्यांच्या रूपानें बर्फांतच अडकून राहतें. त्यामुळें नवा समुद्री बर्फ लवचिक असतो. वजनाखालीं तो वांकतो. तितक्याच जाडीचा तलावाचा बर्फ त्याहून मजबूत असतो. तलावाच्या स्वच्छ बर्फाची जाडी चार इंच भरली कीं एक माणूस त्यावरून चालूं शकतो असा सर्वसाधारण ठोकताळा आहे; समुद्रावर तेवढ्या भरंवशावर चालून भागत नाहीं.

दुसरी गोष्ट, वर पडणाऱ्या भुसभुशीत हिमाची. आपणांस वाटेल कीं हिम जास्त पडलें म्हणजे बर्फ जाड होईल. होतें उलटेंच. भुसभुशीत हिमांत हवा कोंडलेली असते, व तें गोधडीचें काम करतें. वरची कडक थंडी खालच्या पाण्यापर्यंत पोंचत नाहीं आणि बर्फाची वाढ खुंटते. जेथें वारा हिम झाडून नेतो तेथें बर्फ जाड. जेथें हिमाचा ढीग बसतो तेथें खालीं बर्फ पातळ असण्याचा संभव. वरून मात्र ढीगच अधिक भक्कम दिसतो.

तिसरी गोष्ट सर्वांत घातक. सामुद्रधुनींत, बेटांच्या मध्यें, खडकांच्या टोंकाशीं पाण्याचा प्रवाह जोराचा असतो. तो बर्फास खालून खात राहतो. वर पांढरी, सपाट, निर्दोष पाटी. खालीं दर दिवसास पातळ होत जाणारा पापुद्रा. वरून पाहणाऱ्यास कांहींही दिसत नाहीं. उधईनें पोखरलेल्या तुळईची उपमा आमच्या वाचकांस चटकन पटेल.

वडीलधाऱ्यांची पारख

या सर्व गोष्टी इनुईट लोकांस पुस्तकें निघण्यापूर्वीं पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. बर्फास ते सिकू म्हणतात. परंतु तेवढ्यानें त्यांचें काम भागत नाहीं. किनाऱ्यास धरून बसलेला बर्फ तुवाक. तो जेथें संपतो व मोकळें पाणी लागतें ती कड सिनाक. आपण जशी काळी, मुरमाड, खारवट, चोपण अशी जमिनींची नांवें घेतों, आणि नांव घेतांच तीत काय पिकेल व नांगर कोठें अडेल हें आपल्या ध्यानांत येतें, तशींच हीं नांवें आहेत. अलास्का प्रांतांतील वेल्स या गांवीं तेथील विन्टन वेयापुक (धाकटे) यांनीं इगोर क्रुपनिक या संशोधकांच्या साहाय्यानें गांवच्या बोलींतील बर्फाच्या शब्दांचा कोश तयार केला. तो २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. एका लहानशा गांवाच्या बोलींत शंभराहून अधिक शब्द निघाले. त्यांतील बहुतेक शब्दांचा अर्थ शेवटीं एकाच प्रश्नाशीं येऊन थांबतो: येथें पाय ठेवावा कीं ठेवूं नये?

शिकारी पुढें जातांना भाल्यानें बर्फावर घाव घालतो. भाला किती आंत गेला, आवाज कसा आला, पाणी वर आलें कीं नाहीं, यांवरून तो निर्णय करतो. कोणत्या खाडींत बर्फ केव्हां धरतो, कोणत्या टोंकाशीं तो कधींच भरंवशाचा नसतो, हें बापानें मुलास वाटेवर चालतांना दाखवून दिलेलें असतें.

परंतु ही पारख ज्या ऋतुमानावर उभी होती तें ऋतुमानच डळमळूं लागलें. २००९-१० चा हिंवाळा नुनात्सियावुतमध्यें विलक्षण उबदार गेला. बर्फ उशिरां धरला, नेहमींच्या जागीं धरला नाहीं, आणि लवकर सुटला. मागाहून लोकांस विचारपूस करण्यांत आली, तेव्हां सुमारें बारांमध्यें एक माणूस त्या हिंवाळ्यांत बर्फांतून खालीं गेला होता असें आढळलें. वाचकांनीं आपलें गांव डोळ्यांपुढें आणावें. बाराशें वस्तीच्या गांवांत शंभर माणसें रोजच्या पांदणीवर जमिनींत रुतलीं, तर त्या गांवीं कसला हाहाकार होईल? यांत नवशिके होते तसे अनुभवी शिकारीही होते. पारख खोटी ठरली नव्हती. जिच्यावर पारख बेतली होती ती वस्तु बदलली होती. ज्यांनीं अलीकडच्या वर्षांत मृग कोरडा जातांना व दिवाळींत कापूस भिजतांना पाहिला आहे, त्यांस हें निराळें समजावून सांगणें नको.

आकाशांतील मोजणी

येथें वाचक विचारतील कीं, आकाशांत इतके उपग्रह फिरत असतां या लोकांस बर्फाची खबर कां मिळूं नये? खबर आहे, व ती मोठी मोलाची आहे. १९७८ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेनें निंबस-७ हा उपग्रह सोडला. पृथ्वीच्या पृष्ठभागांतून ज्या सूक्ष्म लहरी आपोआप निघतात त्या तो टिपीत असे. बर्फांतून निघणाऱ्या व पाण्यांतून निघणाऱ्या लहरींत फरक असतो. आणि या लहरींस ढग आड येत नाहींत, कीं ध्रुवाकडील महिनोन्‌महिने चालणारी रात्र आड येत नाहीं. तेव्हांपासून एकामागून एक उपग्रहांनीं ही नोंद जवळजवळ अखंड चालविली आहे.

उत्तर ध्रुवसमुद्राचा बर्फ दर सप्टेंबरांत सर्वांत कमी होतो, हें या नोंदीवरून दिसतें. १९८१ ते २०१० या काळाची सरासरी पाहतां, अगदीं कमी असतांनाही तो सुमारें ६२ लाख चौरस किलोमीटर असे. २०१२ च्या सप्टेंबरांत तो सुमारें ३४ लाखांवर आला. हा आजवरचा नीचांक होय. महाराष्ट्राचें क्षेत्रफळ तीन लाख चौरस किलोमीटरांहून थोडें अधिक. म्हणजे जेथें वीस महाराष्ट्र मावत तेथें अकराच मावूं लागले.

जगाचें हवामान समजण्यास हा आंकडा हवाच. परंतु नेनच्या शिकाऱ्यास तो काय सांगतो? या मोजणींतला एक घर म्हणजे सुमारें पंचवीस किलोमीटर लांब व तितकाच रुंद चौकोन. आपल्याकडील एखादा लहान तालुका त्यांत बसावा. या चौकोनांत शेंकडा नव्वद बर्फ आहे असें कळलें, तर उरलेले शेंकडा दहा नेमके आपल्या वाटेवर आहेत कीं काय, हें कळत नाहीं. शिवाय किनारा जवळ आला कीं जमिनीच्या लहरी मिसळून मोजणी बिघडते; आणि माणसें तर किनाऱ्याजवळच फिरतात.

याहून बारीक पाहणारे उपग्रहही आहेत. कॅनडानें १९९५ सालीं रेडारसॅट व युरोपीय देशांनीं २०१४ सालीं सेंटिनेल-१ सोडला. हे स्वतः रेडारच्या लहरी पाठवून परत आलेल्या टिपतात, व कांहीं दशक मीटरांपर्यंतचा तपशील दाखवितात. त्यांवरून बर्फाची कड, भेगा, खडबडीतपणा हीं दिसतात. जाडी थेट दिसत नाहीं. जाडी काढण्यासाठीं २०१० सालीं युरोपीय देशांनीं क्रायोसॅट-२ हा उपग्रह सोडला. तो बर्फ पाण्याबाहेर किती वर आहे तें मोजतो. परंतु समुद्री बर्फाचा सुमारें दहावा हिस्सा काय तो पाण्यावर असतो, बाकीचा खालीं. म्हणजे वरच्या मोजणींत एका बोटाची चूक झाली कीं हिशेबांत दहा बोटांची होते. विस्तीर्ण समुद्राची सरासरी काढतांना ती चूक बरीचशी निघून जाते. एका माणसाच्या गाडीखालीं ती निघून जात नाहीं.

आणखी एक भेद आहे, व आमच्या मतें तोच मुख्य. बर्फाच्या सरकारी पाहणीचा जन्म जहाजांच्या रक्षणासाठीं झाला. १९१२ च्या एप्रिलांत टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळून पंधराशेंहून अधिक माणसें बुडालीं. त्यानंतर १९१४ सालीं उत्तर अटलांटिक समुद्रावर आंतरराष्ट्रीय हिमगस्त सुरू झाली. पुढें निरनिराळ्या देशांनीं बर्फाचे नकाशे काढले तेही प्रायः जहाजांसाठींच. आतां, खलाशास बर्फ नको असतो व शिकाऱ्यास बर्फ हवा असतो. खलाशी नकाशांत मोकळें पाणी शोधतो. शिकारी भरीव वाट शोधतो. एकाची अडचण ती दुसऱ्याची सडक. हिंवाळ्यांत, जहाजें बंद असतांना, नकाशाची गरज खलाशास संपते आणि शिकाऱ्याची तेव्हांच सुरू होते. मोजणी खरी असली तरी ती कोणाच्या प्रश्नाचें उत्तर आहे, हें पाहिल्यावांचून तिची किंमत ठरत नाहीं.

गांवच्या बर्फाची गांवांतच मोजणी

२००९-१० च्या त्या हिंवाळ्यानंतर नुनात्सियावुतच्या सरकारनें व न्यूफाउंडलंडमधील मेमोरियल विद्यापीठाचे भूगोलाचे अध्यापक ट्रेव्हर बेल यांनीं या प्रश्नास हात घातला. त्यांतून स्मार्टआइस नांवाची संस्था उभी राहिली. आरंभीचीं गांवें दोन: एक नेन, आणि दुसरें फार उत्तरेस बॅफिन बेटावरील पाँड इनलेट, ज्यास तेथील लोक मित्तिमतालिक म्हणतात. या संस्थेचीं साधनें मुख्यतः दोन आहेत व दोन्ही समजण्यास सोपीं आहेत.

पहिलें साधन म्हणजे बर्फांत उभी रोवलेली एक नळी. तिच्यांत वरपासून खालपर्यंत थोड्याथोड्या अंतरावर उष्णता मोजणारे बारीक कांटे बसविलेले असतात. वरचे कांटे हवेंत, त्यांखालचे हिमांत, मग बर्फांत, आणि तळचे पाण्यांत. हवेची उष्णता वरखालीं होत राहते. पाण्याची गोठणबिंदूजवळ स्थिर असते. हिमांत व बर्फांत ती निरनिराळ्या वेगानें उतरते. या फरकावरून हिम किती व बर्फ किती तें निघतें. नळी हे आंकडे उपग्रहामार्फत रोज पाठविते. विहिरींत पट्टी सोडून पाण्याची पातळी पाहावी, तसाच हा प्रकार.

परंतु नळी एका जागीं उभी राहते, आणि माणूस तर वाटेनें जातो. म्हणून दुसरें साधन: स्नोमोबाईलच्या मागें ओढावयाची एक घसरगाडी. इनुईट भाषेंत घसरगाडीस कामुतिक म्हणतात, व संस्थेनें या साधनास तेंच नांव जोडलें आहे. तिच्यांत एक विद्युत्‌-चुंबकीय यंत्र असतें. बर्फांतून वीज सहजीं वाहत नाहीं. खाऱ्या पाण्यांतून वाहते. यंत्र खालीं लहरी सोडतें आणि खाऱ्या पाण्यांतून येणाऱ्या प्रतिसादावरून पाणी किती खोल आहे तें ताडतें. त्यांतून वरच्या हिमाची जाडी वजा केली कीं बर्फाची जाडी राहिली. गाडी चालतां चालतांच चालविणाऱ्यास पुढ्यांतील पडद्यावर ती दिसत असते. अशा रीतीनें गांवापासून शिकारीच्या जागेपर्यंतची सारी वाट मोजून निघते.

यंत्रांपेक्षां महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. नळी कोठें रोवावयाची व गाडी कोणत्या वाटेनें न्यावयाची हें दूरच्या शहरांतील विद्वान्‌ ठरवीत नाहींत. गांवचे अनुभवी लोक ठरवितात. पाँड इनलेट येथें यासाठीं गांवकऱ्यांची एक समिति आहे. तिचें नांव सिकुमिउत, म्हणजे समुद्री बर्फावरचे लोक. गाडी चालविणारा त्याच गांवचा, व त्यास या कामाबद्दल मोबदला मिळतो. नळ्या तयार करण्याचें कामही नेन येथें तरुण इनुईट मुलामुलींस शिकवून तेथेंच सुरू करण्यांत आलें. मोजणीचे आंकडे, उपग्रहाचीं चित्रें आणि वडीलधाऱ्यांची माहिती एकत्र करून वाटांचे नकाशे निघतात. त्यांत जाण्याजोगी वाट, जपून जाण्याची वाट व मुळींच न जाण्याची जागा, अशी सरळ विभागणी असते. घराबाहेर पडणाऱ्यास जो एक प्रश्न असतो त्याचें उत्तर त्यांत मिळतें. २०१७ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं हवामानबदलावरील उपायांसाठीं दिलेल्या पारितोषिकांत या कार्याचा समावेश होता.

असाच दुसरा उद्योग हडसन उपसागरांतील सानिकिलुआक गांवाशीं निगडित असलेल्या आर्क्टिक आयडर सोसायटीनें केला. तिनें २०१९ च्या डिसेंबरांत सिकू याच नांवाचें एक ॲप काढलें. शिकारी आपल्या मोबाईलवरून कोठें बर्फ पातळ आहे, कोठें भेग पडली आहे, हें आपल्याच भाषेंतील शब्दांनीं नोंदवितो व मागून येणारा तें पाहतो. पूर्वीं ही खबर चुलीपाशीं बसून दिली जात असे. आतां ती वाट चालतांना पोंचते.

अलास्काच्या बाजूस बेरिंग सामुद्रधुनीजवळ वॉलरसची शिकार करणारीं गांवें आहेत. तेथें वसंतांत सुटत जाणाऱ्या बर्फाबरोबर वॉलरस उत्तरेकडे जातात. बर्फ अकालीं दूर गेला कीं शिकार हातची जाते. २०१० सालीं तेथें हवामानखातें, विद्यापीठांतील अभ्यासक व वॉलरस-शिकाऱ्यांचें मंडळ यांनीं मिळून दर आठवड्यास बर्फाचा व वाऱ्याचा अंदाज प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यांत उपग्रहाच्या चित्राशेजारीं गांवांतील निरीक्षकानें डोळ्यांनीं पाहून लिहिलेली हकीकत असे. २०१३ सालीं बर्फ व वारा प्रतिकूल होऊन सेंट लॉरेन्स बेटावरील गॅम्बेल व सवूंगा या गांवांची शिकार इतकी बुडाली कीं, सरकारास तेथें आर्थिक आपत्ति जाहीर करावी लागली. अंदाजानें बर्फ परत आणतां येत नाहीं, हें खरें. परंतु अन्नाची तूट येणार हें आधीं कळणें व पेटी रिकामी झाल्यावर कळणें यांत फार अंतर आहे.

यंत्राची मर्यादा

येथें एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. नकाशा ज्या दिवशीं मोजला त्या दिवसाचा असतो. मधें ऊन पडलें, वारा फिरला, समुद्रास उधाण आलें, कीं तो शिळा होतो. घसरगाडी ज्या पट्ट्यावरून गेली तेवढाच पट्टा मोजला जातो. पन्नास पावलांवर काय आहे तें तिला ठाऊक नसतें. पडदा पाहून चालण्याची संवय लागलेला तरुण भाला मारण्यास विसरेल, ही भीतिही खरी आहे. म्हणून या गांवांतून यंत्र शिकवितांना बर्फाचे जुने शब्द व जुनी पारखही तरुणांस शिकविण्याचा उपक्रम ठेवलेला आहे. यंत्र हें वडीलधाऱ्यांच्या जागीं बसविलेलें नाहीं. त्यांच्या शेजारीं बसविलेलें आहे.

आमची एक जुनी चूक

आतां आरंभीं दिलेल्या वचनाकडे वळतों. आमच्या नोकरीच्या काळांत एका वर्षीं ऐन सप्टेंबरांत नाल्याकांठच्या एका गांवावर रात्रींतून प्रचंड पाऊस झाला. उभें सोयाबीन चिखलांत निजलें. अतिवृष्टि ठरविण्यासाठीं मंडळाच्या पर्जन्यमापकावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस भरावा लागतो. मापक तेथून चार कोसांवर. त्यांत भरला ४१. आम्हीं ४१ लिहिले. आंकडा खरा होता. एका मिलिमीटराचीही लबाडी त्यांत नव्हती. त्या गांवाचें नांव यादींत आलें नाहीं.

आठ दिवसांनीं तेथील एक म्हातारे शेतकरी कचेरींत आले. बरोबर एक पत्र्याचा उभा डबा होता. अंगणांत राहिलेल्या त्या डब्यांत पाणी कोठवर आलें होतें, तेथें त्यांनीं खिळ्यानें रेघ ओढली होती. रेघ चार बोटांहून वर होती. ते म्हणाले, “भाऊसाहेब, पाऊस माझ्या वावरांत पडला. तुमच्या मापाजवळ नाहीं पडला, तर यांत माझा काय गुन्हा?” आम्हीं त्यांस नियम समजावून सांगितला. त्यांनीं तो शांतपणें ऐकून घेतला, डबा उचलला आणि ते गेले. आम्हीं कागद खालीं ठेवला. त्या डब्यावरील रेघ वरिष्ठांपुढें मांडावी, निदान टिपणांत लिहावी, एवढेंही आम्हीं केलें नाहीं. नियमानें आम्ही निर्दोष होतों. मनानें आजतागायत नाहीं.

नेन गांवची हकीकत वाचतांना आम्हांस तो डबा आठवला. पंचवीस किलोमीटरांच्या चौकोनांत शेंकडा नव्वद बर्फ लिहिणारें यंत्र आणि मंडळास ४१ लिहिणारा कारकून हे एकाच जातीचे. दोघेही खरें लिहितात, आणि दोघांच्याही लिहिण्याच्या फटींतून माणूस खालीं जातो. फरक इतकाच कीं, नेनच्या लोकांनीं नुसती तक्रार करून न थांबतां आपल्या वाटेवरची मोजणी आपल्या हातीं घेतली, व तिला उपग्रहाची जोड दिली.

आपणांस काय करतां येईल

या विषयांत आपला देशही अगदीं परका नाहीं. गोव्यांत वास्को-द-गामा येथें ध्रुवीय व महासागर संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. उत्तर ध्रुवाजवळ स्वालबार्ड बेटांवर भारताचें हिमाद्रि हें ठाणें २००८ सालीं सुरू झालें. ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोटा येथून भारत व अमेरिका यांनीं मिळून केलेला निसार हा रेडार-उपग्रह सोडण्यांत आला. दर बारा दिवसांच्या फेरींत पृथ्वीवरील बहुतेक जमीन व बर्फ दोनदां पाहणें हें त्याचें काम. बर्फाबरोबर शेतजमिनींतील ओलावाही त्यास टिपावयाचा आहे. म्हणजे ध्रुवाकडील बर्फ आणि आपलें शेत आतां एकाच डोळ्याखालीं आलीं आहेत. परंतु वरचा डोळा कितीही तीक्ष्ण झाला तरी खालून त्यास पडताळा लागतोच, व तो पडताळा शेतकऱ्यावांचून दुसरा कोण देणार?

म्हणून आमची सभासदांस विनंति आहे कीं, प्रत्येक गांवांत निदान दोन ठिकाणीं साधा पर्जन्यमापक ठेवावा. सरळ उभ्या भिंतींचें सपाट बुडाचें भांडें व मिलिमीटरांची पट्टी एवढ्यानेंही काम चालतें. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरास एक लिटर पाणी, इतकें ध्यानांत ठेवावें. भांडें उघड्या जागीं, झाडापासून व घरापासून त्यांच्या उंचीच्या दुपटीहून दूर असावें. रोज सकाळीं साडेआठास मोजावें, तारखेसह वहींत लिहावें, आणि भांडें रिकामें करावें. पाऊस नसेल त्या दिवशीं शून्य लिहावें. कोरी जागा ठेवूं नये, कारण कोऱ्या जागेचा अर्थ पुढें कोणासही लागत नाहीं. त्याच वहींत पेरणीच्या वेळीं ओल किती बोटें गेली व विहिरीचें पाणी कोठें आहे हें लिहावें. गांवांतील वडीलधाऱ्यांचे पावसावरील ठोकताळे टिपून ठेवावे व ते आतां कितपत उतरतात तें पाहावें. शाळेंतील मोठ्या मुलांकडे हें काम सोंपविल्यास तीं आनंदानें करतील.

ही वही कचेरींत मान्य होईलच असें आश्वासन आम्ही देत नाहीं. तेथील नियम आम्हांस चांगले ठाऊक आहेत. परंतु दहा वर्षांची अखंड, शून्यांसह लिहिलेली वही एखाद्या गांवानें समोर ठेवली, तर ती उचलून बाजूस सारणें कारकुनास सोपें जाणार नाहीं, एवढें आम्ही स्वानुभवानें सांगतों. हिंवाळ्यांत नेनच्या खाडीवर गांवचाच एखादा माणूस गाडीमागें घसरगाडी ओढीत वाट मोजीत जातो, आणि मागून येणारा शेजारी सुखरूप घरीं पोंचतो. आपल्या अंगणांतील भांड्यानें इतकें मोठें काम होणार नाहीं कदाचित्‌. पण त्या म्हाताऱ्यांच्या डब्यावरील रेघ जर दहा वर्षांच्या वहींत असती, तर ती आम्हांस खोडतां आली नसती.